मुक्कामी गाडी

तातोबा चौगले, रिटायर एस.टी. ड्रायव्हर,
उत्तरेश्वर पेठ, भाड्याची खोली.
दारावर खडूनं लिहिलंय:
शिंपले बघायला या. चपला भाईर.

सव्वीस वर्षं कोल्हापूर–मालवण.
रात्री मुक्काम, पहाटे काच पुसायच्या आधी
वाळूवर एक चक्कर, खिशात एक शिंपला.
चिवड्याच्या बरण्यांत आता अख्खा किनारा.

पोरं शंख कानाला लावतात.
"काय ऐकू येतंय रं?"
"गाडी, आजोबा. दुसऱ्या गिअरात."
"बरोबर. फोंड्याचा घाट."

यंदा भाचा बोटीनं बेटावर गेला,
डॉल्फिनचे पैसे भरले, डॉल्फिन दिसले नाहीत,
म्हणून पिशवीभर शंख उचलून आणले.
त्या रात्री फरशीवर खरखर.
उंदीर समजून तातोबानं बॅटरी मारली:
एक शंख चालला होता
पलंगाखालून मोरीकडं, ओल हुंगत.
आत बिऱ्हाड. आठ-दहा पायांचं.

पातेल्यात मीठ कालवलं.
किती घालायचं, कुणाला विचारणार?
समुद्र काय चव बघून केलेला नसतो.

सकाळची पहिली गाडी. डब्यात ओलं फडकं.
कंडक्टर ओळखीचा. "दाजी, कुठं?"
"ह्याला सोडाय."
झाकण उघडून दाखवलं.
"माझा पास हाय. ह्याचं अर्धं फाड."

ते तिकीट अजून बरणीत आहे.
आणि नवा शंख आला की तातोबा
आधी नखानं टिचकी मारतो,
जरा थांबतो,
"हाय का कोण?"