पारा उतरताना

एकतीस वर्षं मी वेधशाळेला आकडे कळवतोय
दर तीन तासांनी, पहाटेचे तीन धरून,
आइसलँडच्या या टोकावरून, जिथून पुढे
फक्त समुद्र आणि मग बर्फ.
हवेचा दाब. वाऱ्याची दिशा. आठांतलं किती आभाळ झाकलंय.
माझ्या आधीचा म्हातारा सांगून गेला होता,
एकट्या आकड्याला वाचा नसते.
मागचा काय होता ते विचार,
मग त्याला तोंड फुटतं.

म्हणून स्टेनव्होरचा गळा उघडून
त्यांनी ग्रंथी काढली, तेव्हाच
मी वहीत एक नवा रकाना आखला.
थायरोग्लोब्युलिन. शब्द रकान्यात मावेना.
डॉक्टर आल्फदीस म्हणाली,
ग्रंथीच नाही, तर हे रक्तात असायला नको.
घर पाडलंय आणि तरी धूर दिसतोय,
तर समजायचं,
कुणीतरी कुठेतरी चूल मांडली आहे.

मांडली होती. फुफ्फुसात. मग कमरेच्या हाडात.
बत्तीस. एकशे दहा. चारशे बारा.
किरणोत्सारी आयोडीनची गोळी गिळून
ती काही दिवस एका खोलीत एकटी राहिली
आणि बाहेर येऊन म्हणाली,
चला, आता दिव्याशिवाय विणता येईल.
आकडा जरा ओसरला. पुन्हा चढला.
अकराशे ऐंशी.
नमुना विमानाने रेक्याविकला जायचा,
धुकं असलं की जायचा नाही,
आणि ते धुकं कळवणारा मीच.

मग शरदात आकडा उतरला.
सहाशे चाळीस. नव्वद. एकोणीस.
शेजारची हुग्रून सुका मासा आणि लोणी घेऊन आली.
स्टेनव्होर बूट चढवून थेट किनाऱ्यापर्यंत चालून आली
आणि कंबर दुखली, ते बोलली नाही.

फोनवर आल्फदीस हसली नाही.
म्हणाली, आधी खात्री करू,
रक्तातली प्रतिपिंडं कधीकधी
आकड्यावर पांघरूण घालतात.
पुन्हा सुई, पुन्हा विमान.
प्रतिपिंडं नव्हती.
स्कॅनमध्ये कमरेतली गाठ दुप्पट झाली होती.

"पेशी विसरल्यात," ती म्हणाली,
"आपण कुठल्या घरच्या, ते.
आयोडीन ओळखत नाहीत,
थायरोग्लोब्युलिन बनवत नाहीत.
वाढायचं तेवढं लक्षात आहे."

मला कळलं. इतक्या चटकन कळलं
याची लाज वाटली.
पारा उतरला की घरोघरी माणसं हुश्श करतात,
कपाळावरची पट्टी काढतात.
माझ्या कामात पारा उतरला
की होड्या वर ओढतात.

दोन दिवस मी काही बोललो नाही.
तिसऱ्या रात्री तीनच्या नोंदीहून परतलो
तर ती जागी.
किती?
नऊशे एकाहत्तर.
आणि बाराला?
नऊशे ब्याऐंशी.
ती थोडा वेळ गप्प. मग,
आणि माझा?

मी वही तिच्या मांडीवर ठेवली.
तिने रकान्यावरून बोट खाली नेलं,
वर आणलं, पुन्हा खाली,
शेवटच्या आकड्यावर ठेवलं.
एकतीस वर्षं या घरात
वादळ येण्याआधी वाळत घातलेले कपडे काढणारी बाई.

"मेंढ्यांच्या गोठ्याचं दार बांधलंस?" तिने विचारलं.
बांधलं होतं.
तरी कंदील घेऊन
मी पाहायला गेलो.