भाता

मासिकात छापून आलंय, नाऊम,
की आजोबांनी ओदेसाहून व्हायोलिन आणलं,
कोटाच्या अस्तरात शिवून.
तू हो म्हणाला असशील. किंवा नुसता हसला असशील,
ते तुला छान जमतं.

व्हायोलिन नव्हतं.
ओदेसाही नव्हतं, तिथे फक्त गाडी बदलली.
बेसराबियातलं चिखलाचं गाव,
त्यात एक लोहार, आणि लोहाराचा भाता ओढणारा
अकरा वर्षांचा झेलिक,
ज्याच्या छातीत राख तेव्हाच जाऊन बसली होती.

बोटीत बरोबर होतं पितळी शमादान, जोडीतलं एक.
दुसरं सरहद्दीवरच्या शिपायाच्या घशात गेलं.
बंदरावरच्या कारकुनाने आडनावातली दोन अक्षरं खाल्ली.
आजोबा म्हणायचे, भुकेला असेल बिचारा.

एन्त्रे रिओसमध्ये गहू पेरला. टोळ आले.
पुन्हा पेरला.
फ्रुमाआजीने टोळ हाकायला पातेली बडवली
दोन दिवस, मधे शब्बाथ होता तरी,
आणि देवाशी ती नंतर कायम जरा तोडूनच बोलायची.
तुझा ताल कुठून आला विचारतात ना,
हे सांग हवं तर.

मग ब्युनॉस आयर्स. व्हिला क्रेस्पोत एक खोली.
बाबा दारोदार हप्त्याने चादरी विकायचे.
हप्ते थकलेल्या एका इटालियन विधवेने
पैशांऐवजी नवऱ्याचं बांदोनेऑन दिलं,
एक बटण तुटलेलं.
आईने आठवडाभर अबोला धरला. चादरी चार होत्या.

आजोबांनी ते मांडीवर घेतलं.
सूर एकही ठाऊक नाही.
हवेची कळ तेवढी सापडली, ती दाबून
उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं.
त्यांचा दमा आणि ते जुनं कातडं
बराच वेळ एकमेकांची चौकशी करत राहिले.
तू टेबलाखाली होतास, चार वर्षांचा,
हातातली बुचं सोडून ऐकत.

काल थिएटरात, शेवटच्या सुराआधी
तू थांबलास. वाद्याने नुसता श्वास घेतला.
शेजारची बाई पुटपुटली, काय ही विरामाची जाण!
मला तेव्हाच खोकला आला.
छाती मलाही तीच मिळाली आहे.
रुमाल तोंडाशी धरून दाबला कसाबसा:
घराण्याची चीज भर मैफलीत
दोघांनी एकदम गाऊ नये.