डेपोनंट

सकाळी साडेसातला लॅटिन. वर्गात आम्ही तिघंच :
दोघे सेमिनरीतले, आणि मी
लोकमान्य नगरची, जिला आई डबा देताना विचारते,
हे शिकून तू बोलणार कुणाशी?

फादर पायस अमलियार झाबुआकडचे.
भिली, हिंदी, लॅटिन, याच क्रमाने त्यांना भाषा आल्या,
मराठी आमच्यामुळे, अर्धवट.
शब्द फळ्यावर कसेही फेकतात :
कुत्रा मुलीला चावतो. मुलीला चावतो कुत्रा.
अर्थ जागचा हलत नाही,
कोण कुणाला चावलं ते शब्दांच्या शेपट्या सांगतात.
मी वहीच्या कडेला लिहिते, स ला ते, स ला ना ते.
हे तर घरचंच निघालं.

"क्रियापदाची वाट बघा," ते म्हणतात.
"ते शेवटी येतं. घाई असेल त्याने कॉमर्स घ्यावं."

अकराला दुसऱ्या मजल्यावर खंडेलवाल मॅडम :
कोण, काय, कुठे, कधी, सगळं पहिल्या ओळीत कोंबा.
वाचकाचा चहा निवायच्या आत बातमी संपली पाहिजे.
पुढचं निमुळतं होऊ द्या,
जागा कमी पडली की कात्री खालून चालते.

"का" तिथेच राहत असतं, खाली.

त्या आठवड्यात माझी पहिली बातमी छापून आली.
पान नऊ, चार ओळी, नाव नाही.
चेंबर में दम घुटने से मज़दूर की मौत.
पाच प्रती घेतल्या. एक फादरना दिली.
त्यांनी लाल पेन्सिल काढली, जशी गृहपाठाला काढतात.
"मृत्यू झाला. सकाळ होते, तसा झाला?
कर्ता कुठाय?"

मी हुशारी केली. नुकताच तो धडा झाला होता :
काही क्रियापदांचा वेष कर्मणीचा असतो, काम कर्तरीचं.
नास्कोर, मी जन्मतो. लोक्वोर, मी बोलतो.
मोरिओर, मी मरतो.
"मरणं डेपोनंट आहे ना, फादर.
ज्याचं त्यानेच करायचं."

ते खिडकीकडे गेले. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
"रोममध्ये असेल," ते म्हणाले.
"पालद्यात त्याला कुणीतरी उतरवलं."

मग पुस्तक उघडून पान एकशे बारा.

संध्याकाळी माझी ड्यूटी जाहिरातींच्या खिडकीवर.
उठावने, पगड़ी, पुण्यस्मरण. दर ओळीमागे.
शोकाकुल : खाली अख्खी वंशावळ, फर्मच्या नावासकट.
इथली कात्री कुणी चालवत नाही,
पैसे भरले की शब्द जसाच्या तसा जातो.

शनिवारी एक जण आला. पावतीसाठी नाव सांगितलं,
जालम डावर. भाऊ रेमसिंग.
मी मान वर केली नाही.
"आमच्यात उठावना नसतो," तो हिंदीत म्हणाला,
"पण नाव येऊ द्या. मोठ्या अक्षरात किती?"

फोटो आधार कार्डाचा, झेरॉक्सचा, कपाळ काळं पडलेलं.
मी लिहून घेत गेले : वय एकतीस. गाव राणापूरजवळ.
तो थांबला. नोटा पुन्हा मोजल्या.
"अजून एक ओळ बसेल?
ठेकेदाराचं नाव. आणि दोर दिला नव्हता, हे."

फॉर्मवर रकाने होते : दिवंगत, दिनांक, स्थान, शोकाकुल.
याच्यासाठी नव्हता.
मॅनेजर आत फोनवर, पाठमोरे.
मी "शोकाकुल"वर एक रेघ मारली
आणि त्याच जागी, त्याच्या शब्दांत, त्याच क्रमाने,
लिहीत गेले. नाव आधी आलं.
मग दोर. मग नव्हता.

क्रियापद उरलं होतं.
तो खिडकीच्या गजाला धरून
माझ्या पेनाकडे बघत होता.