बिछायत केंद्र

दसऱ्याच्या आठवड्यात खुर्च्या घरी टेकतच नाहीत.
सकाळी रेशीमबागेकडे,
दुपारी संविधान चौकात, वेगळ्या विदर्भाच्या धरण्याला,
रात्री दीक्षाभूमीच्या वाटेवर, भोजनदानाच्या मांडवात.

माइकही माझाच, म्हणून ऐकणं भाग.
एकाचा देश रक्तात, एकाचा पुस्तकात,
एकाचा बुलढाण्यापुढे सरकतच नाही.
'आपण' म्हणतात तिघंही.
नेमका तेव्हाच माइक शिट्टी मारतो.
वायर जुनी आहे, बाप्पा.

रात्री मोजतो. दोनशे चाळीसात चार कमी.
फोन लावला की ज्याचं त्याचं एकच :
"आमचे नाही नेणार. त्यांनी नेल्या असतील."

बेबीनंदा म्हणते, पाठीवर नाव घाला ना मोठं.
लाल रंगात ब्रश बुडवून
मी बसलोय केव्हाचा :
आडनाव लिहू,
की नुसतं सक्करदरा?