परीक्षेची पेशंट

मार्च सरता सरता फोन येतो:
"कौसल्याबाई, मंगळवारी सकाळी आठ. उपाशी नको हं, खाऊन या."
मी परकरांचा गठ्ठा शेजारणीच्या ओट्यावर टाकते
आणि घोरपडी पेठेतून निघते,
छातीत त्यांचा प्रश्न घेऊन.

नऊ वर्षांची होते. आधी घसा धरला,
मग गुडघे, मग घोटे.
आईनं निर्गुडीचा शेक दिला, सांधे सुटले.
काळजाची झडप तेवढी आखडून राहिली.
आता बोहरी आळीतून टेम्पो जातो
तसं तिच्यातून रक्त जातं,
अंग चोरून, कुरकुरत.

यांची इस्पितळं तीन. स्टेशनाजवळचं जुनं, थोरलं,
दुसरं येरवड्याला,
तिसरं हडपसरला, काचेचं, जिथं चपला वाजतात.
एकीकडे माझा केसपेपर, दुसरीकडे छातीचा फोटो,
हडपसरच्या कॉम्प्युटरात नुसता अकरा आकडी नंबर.
येरवड्यात कुणीतरी खिलारेचं खैरे केलंय,
तीन अर्ज दिले, खैरेच आहे.

परीक्षा थोरल्यात. खाट चौथी, पडदा हिरवा,
त्याच्या दोन कड्या तुटलेल्या.
शेजारच्या खाटेवर फुगलेल्या पाणथरीचे आजोबा,
दरसाल भेटतात, यंदा म्हणाले,
"माझी एक बोट वाढली. तुझं काय?"

मग एकेक येतो.
एप्रनवर इस्त्रीच्या रेघा, तळहाताला घाम,
आणि नळी बर्फासारखी.
"काय त्रास होतो, मावशी?"
जिना चढले की धाप. रात्री दोन उशा.
दोन उशा म्हटलं की त्यांचे डोळे लकाकतात.
माझ्या न झोपण्याचा एवढा आनंद
घरात कुणाला झालेला नाही.

आम्हांला ताकीद असते, आजाराचं नाव घ्यायचं नाही.
मी घेत नाही.

पण यंदा एक पोरगा आला, छातीवर पाटी समाधान टेकाळे,
बोलणं परभणीकडचं.
त्यानं आधी नळी तळहातात धरली, ऊब येईस्तोवर.
तेवढ्यात त्याची दोन मिनिटं गेली.
मग शोधत राहिला, इकडे, तिकडे,
अंधारात कुलूप चाचपावं तसा.
बाहेर घंटा व्हायची वेळ झालेली.

मला खोकला आला. आणला म्हणा.
खोकता खोकता डाव्या कुशीवर वळले,
श्वास सोडला, धरून ठेवला.
"दाबू नको," भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
"भिंतीपल्याड पिठाची गिरणी चालते ना, तसं."

तो थांबला. तोंड उघडं राहिलं.
बत्तीस वर्षं मी हे घेऊन फिरतेय,
बसमधून, बाजारातून, दोन बाळंतपणांतून,
आणि ते असतं कसं
हे मला त्या पोराच्या तोंडावर दिसलं.

काय वाटलं त्याला कोण जाणे,
कानातली टोकं काढून माझ्या कानात घातली.

घर्रर्र.
मग धप्प.
मग परत घर्रर्र, कुणीतरी एकटंच
रात्रपाळीला दळत बसलेलं.
मी म्हणणार होते, पुरे कर गं आता.

घंटा झाली. बाहेरगावचे परीक्षक पडदा सारून आत,
"हे काय चाललंय?"
तो पास झाला का, कळलं नाही.
दोनदा विचारलं. सांगत नाहीत.

हडपसरच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवाळीआधी झडप बदलू,
मग गिरणी बंद.
कारकून हसला, "म्हणजे पुढच्या साली दुसरी शोधा."
हसता हसता पावती पुढे सरकवली:
रुपये तीनशे फक्त.
खर्चाचा तपशील: शैक्षणिक साहित्य.

खडू, फळा, हाडांचा सापळा, मी.

पेन मागून घेतलं.
सही केली, पूर्ण नावानिशी,
आणि आडनाव जरा दाबून लिहिलं:
खिलारे.