दहा तेत्री

आमच्या लिफ्टला पैसे लागतात.
दहा तेत्री टाकल्याशिवाय ती हलत नाही,
चढायलाही, उतरायलाही.
तिबिलिसीत याचं कुणाला नवल वाटत नाही.
डबीची किल्ली माझ्याकडे, सोळा वर्षं.
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती उपडी करते
स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर, आणि वहीत लिहिते.
शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे मी.
आकडा लपत नाही माझ्यापासून.

मार्चमध्ये डबी हलकी लागली.
एप्रिलमध्ये हलवून पाहिली,
तर खुळखुळ्याइतकाच आवाज.
नऊ मजले, छत्तीस दारं, आणि कुणी खाली उतरत नाही.
जी होती ती नाणी हातमोजे घालून उचलली,
काचेच्या वाडग्यात द्राक्षांची दारू ओतून बुडवली.
नवऱ्याने गावाहून आणलेली, पाहुण्यांसाठी राखलेली.
पाहुणे कुठले आता.
नाणी प्यायली, चकाकली,
मी त्या वासात बसून राहिले,
शुद्धीवर.

हिशेब तेवढा जुळेना.
लिफ्ट तर चालत होती.
भिंतीपलीकडे तिचं कण्हणं ऐकू यायचं,
सकाळी सातला खाली, साडेसातला वर,
आणि वर येताना मजल्यामजल्यावर थांबत.
रोजचे वीस तेत्री तरी हवेत. महिन्याचे सहा लारी.
डबीत नव्हते.
कुणीतरी फुकट्या होता!
मी लिफ्टमध्ये कागद चिकटवला, लाल शाईने:
लाज बाळगा.
दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं:
बाळगतो.

त्याच दिवसांत काही दारांच्या मुठींना
पाव लटकू लागले होते.
होडीसारखे लांबट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
भट्टीच्या भिंतीची ऊब अजून अंगात.
जिथे म्हातारं माणूस एकटं, तिथेच.
मला वाटलं, पालिका देते. झाइराला वाटलं, चर्च.
सहाव्या मजल्यावरचा इलामाझ फोनवर म्हणाला,
बाई, सरकार कधी काही गरम देतं का?

ईस्टरला दफनभूमी बंद.
मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून सवयीने अंडी लाल केली.
नवऱ्याच्या कबरीवर घरंगळवायचं ते अंडं
फ्रिजच्या दारात जूनपर्यंत उभं राहिलं.
फेकवेना. खाववेना.

नोव्हेंबरात एका सकाळी सात वाजता
काहीच वाजलं नाही, म्हणून मला जाग आली.
दाराची मूठ रिकामी.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी आठव्या मजल्यावर आरडाओरडा:
नाणं! कुणाकडे नाणं आहे?
पांढऱ्या झग्यांना खिसे नसतात.
मूठभर नाणी घेऊन मी तीन मजले चढले,
मास्कच्या आत माझाच श्वास मला परका.
स्ट्रेचर मावत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसवलेला
जेमाल, ट्रॉलीबसचा जुना चालक,
गळाच्या दोऱ्याला बांधलेलं एक भोकाचं नाणं
फटीत सोडत होता.
सराईतपणे. कुठे थांबवायचं ते बोटांना ठाऊक.
लिफ्ट कण्हली, दिवा लागला.
दोरा वर ओढून घ्यायला त्याला वेळ होता.
त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि बोटं उघडली.
दारं मिटली.

रविवारी मेणकापडावर ते नाणं पडलं,
वीतभर दोरा मागे, उंदराच्या शेपटीसारखा.
सहा लारींसाठी मी आठ महिने
ज्याला शिव्या घातल्या, त्याचे पाव मी
लोणी लावून खाल्ले होते.

जानेवारीत तो परतला, निम्मा होऊन.
त्याच्या दाराच्या मुठीला मी ते नाणं लटकवलं,
नवा दोरा बांधून.
कुणी काही बोललं नाही.
आठवड्यानंतर, सातला नाही, नऊच्या सुमारास
लिफ्ट कण्हली.

फरकाच्या रकान्यात आता दरमहा माझे सहा लारी जातात.
कागद काढलेला नाही.
लाल शाई उन्हाशिवायच विटली,
पेन्सिल अजून वाचता येते.