शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं वेंगुर्ला बंदराच्या कचेरीत
मी पाण्याची उंची लिहिली.
समुद्र रोज उशिरा येतो,
पण किती उशिरा ते आदल्या दिवशीच सांगून ठेवतो:
पाऊण तास, वर थोडी मिनिटं.
त्याच्यावर कधी मेमो काढावा लागला नाही.

आता तीच वही उलट्या बाजूने उघडतो,
मनगटावर तीन बोटं ठेवतो, लिहितो:
पहाटे चार दहा. एकशे अडतीस. बेशिस्त.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी पसरली.
म्हणाल्या, वरचे कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात.
मला दिसली होडीच्या फळीवर ओतलेली तारली,
अजून पाण्यात असल्यासारखी.

मग घरात कायदा आला.
खाऱ्या बांगड्याची बरणी माळ्यावर.
चहा दोनदा, तोही अर्धा.
अळू, मुळ्याचा पाला, शेवगा बंद नाही,
पण दर दिवशी तेवढाच;
रक्त पातळ करणाऱ्या गोळीला
न सांगता आलेली भाजी चालत नाही.
दर दिवशी तेवढंच. हे मला जमतं. मी कारकून.

मुलीने पुण्याहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल धाडल्या.
समोर दर्या, खाली मासळी बाजार,
आणि मी डोळे मिटून
सोनेरी थेंबातला मासा गिळतोय.
बाईंनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली,
म्हणाल्या, ही कपाटात राहू दे,
एवढ्या तेलाने ठोका आणखीही बिघडतो.
मुलीला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी बर्फ कारखान्याच्या पायरीवर
आम्ही चौघं एकमेकांची नाडी धरतो.
आपली आपल्याला खोटी लागते, म्हणते शेवंती तांडेल,
तराजू दुसऱ्याच्या हातात बरा.
इनास बेकरीवाला मॅग्नेशियमला मंगेशियम म्हणतो.
"देवाचा नाव आसा त्येच्यात, लागू पडतलाच."
(बाईंनी आधी त्याचं मूत्रपिंड तपासलं, मग देव.)
शेवंतीचा ठोका सुटतो सुनेशी वाजलं की,
उल्हास मोचेमाडकरचा, जेवून डाव्या कुशीवर झोपला की,
इनासचा, काजूची उर्राक उतरली की,
पण ते तो लिहू देत नाही.
घाबरू नको असं कुणी कुणाला म्हणत नाही.
"आज कसा आसा?"
"चुकता हा."
"चुकांदे. बस हय."

चैत्रात उल्हासने गोळी सोडली.
कुणीतरी कसलीशी साल दिली होती, उगाळून घ्यायची.
एकवीस दिवस त्याचा ठोका सरळ,
त्याने आकडे दाखवले, आम्ही गप्प;
खरं सांगायचं तर मलाही ती साल हवी होती.
बाविसाव्या सकाळी दुकानात
गिऱ्हाइकाच्या गालावर अर्धा फेस,
उजव्या हातातून वस्तरा आपोआप खाली,
आणि तोंडातून निघालेला शब्द
तिरका होऊन भिंतीकडे गेला.

आता इनास त्याला सायकलच्या मागे बसवून आणतो.
शेवंती मुद्दाम तोच हात घेते, न हलणारा.
बोटांना काही कळत नाही, पण नाडी आहे,
आमच्यासारखीच, वाट चुकत येणारी.
ती त्याची गोळी मोजते, ओंजळीत ठेवते,
घोट घशाखाली जाईपर्यंत तोंडाकडे बघते,
मग स्वतःची घेते. मग इनास. मग मी.

एकतीस वर्षांत शेऱ्याचा रकाना
मी एकदाच भरला होता: "तुफान."
काल भरला.
गुरुवार, सायंकाळी सहा.
उल्हास: ब्याण्णव, बेशिस्त.
अंगठा हलल्यासारखा वाटला.

वाटलं असं वहीत लिहीत नाहीत.
खोडायला पेन टेकवलं,
आणि तसंच उचललं.